सोळा आणे भीती

आमच्या हँगरमध्ये 'झालं' हा शब्द उच्चारायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण तो शब्द मेस्त्रींच्या कानावर पडला की ते हातातला पाना खाली ठेवायचे आणि बोलणाऱ्याकडे असे बघायचे, की त्याने कुणाच्या तरी मरणाची बातमी हसत हसत सांगितली असावी. "काय झाला?" ते विचारायचे. "विमान खाली इला? चाकां थांबली? नाय मां? मगे झाला काय?" मेस्त्री मालवणकडचे. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, पण रागावले किंवा घाबरले की मालवणीवर यायचे, आणि हँगरमध्ये ते या दोन्हींपैकी एका अवस्थेत कायम असायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जुहूच्या लहान विमानतळावर विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती. तिच्याकडे चार छोटी विमानं होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. इंजिनं बघणारे लोक वेगळे होते, ते जरा तोऱ्यात असत. मेस्त्रींकडे फक्त खालचं काम होतं. चाकं, ब्रेक, टायर आणि पुढच्या चाकावरचा तो तेल-हवा भरलेला दांडा. कागदावर या सगळ्याला 'लँडिंग गिअर' म्हणत. मेस्त्री म्हणत, पाय. "वर काय ता वारो बघता, पाय मी बघतंय," असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होतो, तो बंद पडला आणि ओळखीतून इथे चिकटलो. राहायला मानखुर्दला, घरी बायको आणि वर्षाची मुलगी. पहिल्याच दिवशी मला मेस्त्रींच्या हाताखाली दिलं, तेव्हा इंजिनवाल्यांपैकी एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "जा, सांभाळ. घाबरट म्हातारा आहे. एक चाक बसवायला एक दिवाळी घालवतो."

आणि घाबरट ते होतेच, त्यात काही शंका नाही. टायर बदलायचा तर विमानाचं चाक मधोमध उघडावं लागतं. त्याचे दोन भाग बोल्टांनी जोडलेले असतात. आधी हवा काढायची, मग बोल्ट सोडायचे, एवढं साधं काम. मेस्त्री हवा सोडायचे, व्हॉल्व्हच्या आतली सुई बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवायचे, आणि मग त्या भोकाला कान लावून बसायचे. पाच मिनिटं. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं होतं. मी म्हटलं, "मेस्त्री, हवा गेली ना आता." ते म्हणाले, "हवा गेली म्हणतत, तेव्हाच हवा आसता." तरुणपणी एका ट्रकच्या गॅरेजात त्यांच्या शेजारच्या माणसाने हवा न काढता चाक उघडलं होतं. पुढे काय घडलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आपल्या चेहऱ्यावरून कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा हात फिरवला, आणि परत भोकाला कान लावला.

पुढच्या पायाचा चकचकीत दांडा किती वर आलाय ते ते चार बोटं आडवी धरून मोजत. पट्टी असायची, तीही लावत, पण बोटांनी मोजल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. सगळ्यात जास्त जीव मात्र त्यांचा पिनींत अडकलेला असायचा. हे जरा समजावून सांगायला हवं. विमानाचं चाक ज्या नटाने आसावर बसतं, तो नट करकचून आवळायचा नसतो. आवळला तर चाक मोकळं फिरत नाही, बेअरिंग जळतं. म्हणून तो जरा सैलच ठेवतात. आणि सैल नट फिरून निघू नये म्हणून त्याच्या खाचेतून आसाच्या भोकात एक मऊ लोखंडाची पिन घालतात, तिचे दोन पाय पक्कडीने मागे वळवतात. बस. काडीएवढी पिन. ती आहे तोवर चाक आहे. वर पत्र्याची टोपी तीन स्क्रूंनी बसवली की पिन दिसेनाशी होते, मग ती आहे की नाही हे फक्त ज्याने बसवली त्यालाच माहीत.

जुनी पिन पुन्हा वापरायची नाही, हा नियम सगळीकडेच असतो. मेस्त्रींनी त्याला आपली एक पुरवणी जोडली होती. त्यांच्या जुन्या डब्याचं एक झाकण होतं. लागणाऱ्या पिनी मोजून ते त्या झाकणात ठेवत. काम संपलं की झाकण रिकामं दिसायला हवं. दुसरी पुरवणी म्हणजे लाल फडकं. एखाद्या विमानाच्या चाकाला हात घातला की मेस्त्री आपलं लाल फडकं त्याच्या पुढच्या पंख्याला बांधत. ते फडकं तिथे असेपर्यंत विमानाला कुणी बोट लावायचं नाही, मग ते शिकवणारे कॅप्टन असोत की खुद्द संस्थेचे अध्यक्ष. काम संपल्याचं मेस्त्री तोंडाने सांगत नसत, कारण 'झालं' म्हणायला बंदी. ते नुसतं फडकं सोडून खांद्यावर टाकत. त्यांचं 'झालं' ते तेवढंच. हँगरमधलं कुत्रंसुद्धा ते ओळखत असे.

आपण चाकं बसवलेलं विमान वर असलं की मेस्त्री जेवत नसत. कधीकधी दुपारचे तीन वाजत, डबा तसाच. विमान उतरायची वेळ आली की ते हँगरच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि धावपट्टीकडे पाठ करायचे. मला आधी वाटलं, भीतीने बघवत नसेल. पण ते ऐकत असत. टायर जमिनीला टेकल्याचा आवाज, मग दुसरा, मग पुढच्याचा. "उजवा आधी टेकला," पाठमोरेच म्हणायचे, "कॅप्टन आज घाईत हा." आणि खरंच तसं असायचं. मग चाकं थांबली की हात धुऊन डबा उघडायचा.

वाकोल्यात राहायचे ते. त्यांच्यासोबत रस्त्याने चालणं म्हणजे एक शिक्षा होती. उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षाच्या टायरवर अंगठा दाबून बघायचे. हवा कमी वाटली की रिक्षावाल्याला सांगायचे, आणि रिक्षावाला त्यांच्या आईची आठवण काढायचा. "पॅसेंजर बैठेगा तो बैठ, नहीं तो कट ले चाचा," असं एकाने म्हटल्यावर मेस्त्रींनी मला शांतपणे समजावलं, "तेका भीती नाय. म्हणान तो असो बोलता."

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. मला वाटलं होतं, घरात हा माणूस गॅसची कळ दहा वेळा तपासत असेल. त्यांच्या बायको चहा ओतता ओतता म्हणाल्या, "ह्येंका घरात कसला भंय नाय हो. काल पत्र्यार चढले होते, अनवाणी. मी खाली उभी राहून रामरक्षा म्हणतंय, आणि हे वर शीळ घालतत!" मेस्त्री लाजले. "पत्र्यावरून पडलो तर मी पडणार," ते म्हणाले. "त्याचं काय एवढं?"

हे मला तेव्हा नीट कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्यांचं बरंचसं हास्यास्पद वाटायचं. माझा हात चपळ होता. चाक उघडून, बेअरिंग धुऊन, नवं ग्रीस भरून, परत बसवून मी मेस्त्रींच्या निम्म्या वेळात मोकळा व्हायचो, आणि कुणीही येऊन बघावं, काम सुबक असायचं. पिनीचे पाय मी असे वळवायचो की इंजिनवालेसुद्धा मान डोलवायचे. मेस्त्रींची माझ्याविषयी एकच तक्रार होती. माझे हात बघत ते म्हणायचे, "थरथरत नाय रे तुझे हात."

"बरंच आहे ना मग?"

"बरां नाय तां."

मेस्त्रींना चिडवायची हिंमत फक्त एकाच माणसात होती. मुलुंडहून एक मुलगी विमान शिकायला यायची. वीस-एकवीसची, दोन बसा बदलून यायची, वेणी कॉलरमध्ये खुपसून विमानात चढायची. वडील शाळेत शिक्षक. एकटीने विमान नेण्याइतकी तयार होती. चढण्याआधी ती दररोज मेस्त्रींसमोर उभी राहायची.

"काका, आज किती घाबरलात?"

"सोळा आणे."

"मग मी जाऊ?"

"जा."

एकदा त्यांनी "बारा आणे" म्हटलं होतं. ती लगेच विमानापासून दूर झाली. मेस्त्रींनी दोन्ही टोप्या उघडून सगळं पुन्हा तपासलं. काही सापडलं नाही. मग म्हणाले, "आता सोळा." इंजिनवाले पोट धरून हसले, मीही हसलो. ती मात्र हसली नव्हती, हे आता आठवतं.

तो दिवस मार्चमधला. दुपारी समुद्राकडून वारा सुटायचा आणि धावपट्टीच्या कडेची धूळ सरळ हँगरमध्ये यायची. त्या मुलीच्या विमानाची दोन्ही मागची चाकं मी सकाळपासून उघडली होती. ग्रीस भरून बसवली. मेस्त्रींनी दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहिली, नट आवळले, जरासे मागे घेतले, आणि झाकणात दोन नव्या पिनी मोजून ठेवल्या. "पिनी मार. मी येतंय मगे फडका सोडूक." वर त्यांचं एकही विमान नव्हतं, त्यामुळे ते निर्धास्त मनाने डबा घेऊन हँगरच्या मागे जेवायला गेले. असं वेळेवर जेवण त्यांच्या नशिबी क्वचितच येत असे.

धूळ नटात जाऊ नये म्हणून मी आधी दोन्ही टोप्या नुसत्या लावून ठेवल्या होत्या. मग एक उघडली, पिन मारली, पाय वळवले, टोपी नीट बसवली. दुसरीकडे वळणार तेवढ्यात टाच लागून तेलाचा डबा कलंडला. पुढच्या पायात भरायचं लाल तेल ते, भराभर पसरायला लागलं. मी वाकलो, हाताला काही मिळेना, आणि डोक्याच्या वरच पंख्याला ते फडकं लटकत होतं. ओढलं आणि पुसायला घेतलं. वर्षभर ज्या फडक्याला हात लावायला मी धजलो नव्हतो, ते मी विचार न करता ओढलं, कारण लाल तेल बघून मेस्त्री काय बोलतील एवढंच डोक्यात होतं. फडकं भिजून चिंब, ते बादलीत टाकलं. दुसऱ्या टोपीचे स्क्रू चिमटीने लावले होते ते जाता जाता फिरवून घट्ट केले, पडतील म्हणून, आणि लाकडाचा भुसा आणायला स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरवाल्याला सही हवी होती, सहीला पेन हवं होतं, पेन कुणीतरी नेलं होतं.

तेवढ्या वेळात काय घडलं ते नंतर कळलं. सही करणारे इंजिनियर सकाळीच कागदावर सही करून दुसऱ्या कामाला गेले होते. असं चालायला नको होतं, पण चालायचं. कॅप्टननी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं, पंख्याला फडकं नाही. म्हणजे मेस्त्रींचं काम संपलं. त्यांनी आणि त्या मुलीने विमान ढकलून बाहेर काढलं. ती मुलगी शिकवल्याप्रमाणे विमानाभोवती फिरली, चाकं हलवून पाहिली, टोप्या जागेवर होत्या. मेस्त्रींना विचारायला तिने इकडेतिकडे पाहिलं म्हणे. ते दिसले नाहीत. फडकंही नव्हतं. ती गेली.

मी भुशाची पिशवी घेऊन परत आलो तर जागा मोकळी. जमिनीवर लाल डाग, बाजूला स्टूल, स्टुलावर झाकण, झाकणात एक पिन.

पिशवी हातातून कधी सुटली कळलं नाही. मागच्या बाजूने मेस्त्री धावत येत होते. विमान वर चढल्याचा आवाज ऐकून डब्यावरून उठले होते, उजव्या हाताला कालवण-भात तसाच. झाकणाकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. आधी विचारलं, "माझा फडका खंय?"

मी बादली दाखवली. मग त्यांनी झाकण पाहिलं. मग वर पाहिलं. आवाज वेसोव्याच्या बाजूला लांब जात होता.

"खंयचां चाक?" त्यांनी विचारलं. डावं की उजवं.

मला सांगता येईना. खोटं वाटेल, पण अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हाताने केलेलं काम मला आठवेना. डोक्यात नुसती ती पिन दिसत होती.

कॅप्टन आले. ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "वाट लागली यार," एवढंच बोलले आणि बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानात चढून त्यांनी त्याचा रेडिओ चालू केला. आम्ही दोघं त्या विमानाच्या दाराशी उभे. तिला परत बोलावलं, अगदी गार आवाजात, काही विशेष नाही अशा थाटात. ती मढच्या पुढे होती. दहा मिनिटं लागतील म्हणाली.

ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. नट सैल असतो. चाक धावपट्टीवर फिरतं तसा तो फिरतो. जाताना किती फिरला असेल? उतरताना किती राहिला असेल? चाक निखळलं तर विमान त्या बाजूला कोसळतं, पंख जमिनीला लागतो, आणि पंखात पेट्रोल असतं. हे सगळं मला माहीत होतं. मला माझी दोन वर्षांची मुलगी आठवली, आणि तिच्या शाळामास्तर वडिलांचा विचार मनात आला, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

मी जमिनीवर गुडघा टेकला, डोळे मिटले आणि हातांना ते काम पुन्हा करायला लावलं. पक्कड. पिन. पाय वळवला. आणि आठवलं! हँगरच्या दारातून येणारं ऊन मानेवर होतं. ग्रीसचा डबा उजव्या हाताला होता. उजव्या पायाचा गुडघा ओला होता. म्हणजे मी उजव्या चाकाशी बसलो होतो. लख्ख दिसलं.

"डावं!" मी ओरडलो. "साहेब, उजव्याला मी पिन मारलीय. डावं राहिलंय. शंभर टक्के."

कॅप्टननी सुटकेचा श्वास टाकला. आडवा वारा असला की एका चाकावर कसं उतरायचं ते तिला शिकवलेलं होतं. उजव्या चाकावर सगळा भार घ्यायचा, डावं उचलून धरायचं, वेग मेल्यावर हळूच टेकवायचं. त्यांनी रेडिओचा माईक तोंडाशी धरला, आणि मेस्त्रींनी आपल्या खरकट्या हाताने त्यांचं मनगट पकडलं.

"नाय."

"काय नाय?"

"तसा सांगूचा नाय. दोनी चाकां एकदम टेकव म्हणान सांगा. हळू. सरळ. बिरेकाक पाय लावूचो नाय."

"अरे मेस्त्री, पण हा छातीठोक सांगतोय ना, डावं म्हणून!"

"म्हणानच," मेस्त्री म्हणाले.

मी खवळलो. मला तेव्हा खरोखर वाटलं, हा म्हातारा आपल्या वेडापायी त्या मुलीचा जीव घेणार. मला माहीत होतं, मला दिसत होतं, आणि हा माणूस ऐकत नव्हता. "मेस्त्री, पोरगी मरेल!" मी किंचाळलो. "तुमच्या भित्रेपणाने मरेल ती!" आजवर त्यांच्याशी मी अशा आवाजात बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मनगटावरचा त्यांचा हात थरथरत होता, हातावरची शितं थरथरत होती. कॅप्टन त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी रेडिओवर सांगितलं, नेहमीसारखी उतर, दोन्ही चाकं एकदम, अगदी हलकेच, ब्रेक नको, आपोआप थांबू दे, वळू नकोस. तिने ते परत म्हणून दाखवलं. शेवटी विचारलं, काही गडबड आहे का? कॅप्टन म्हणाले, थोडीशी.

विमान दिसायला लागलं. मेस्त्री रोजच्या जागी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी बघत होतो. डाव्या चाकावरून माझी नजर हटत नव्हती. ते कधी निखळतं याची मी वाट बघत होतो, दुसरा शब्द नाही. विमान खाली आलं, जमिनीला समांतर तरंगत राहिलं, फार वेळ तरंगत राहिलं, आणि टेकलं.

"दोनी," मेस्त्री पाठमोरेच पुटपुटले. "एकदम."

ते धावत राहिलं. शेवटी शेवटी जरा उजवीकडे ओढल्यासारखं दिसलं, मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते उभं होतं, पंखा थांबत होता.

आम्ही पळालो. मी सांगितलं होतं म्हणून मेस्त्री आधी डाव्या चाकाशी बसले. तीन स्क्रू काढले, टोपी उघडली. आत पिन होती. नवी कोरी, दोन्ही पाय सुबक वळवलेले. माझंच काम ते, मी कुठेही ओळखलं असतं. मेस्त्री उठले, विमानाला वळसा घालून उजव्या चाकाशी गेले. टोपी काढली. नट त्यांच्या बोटाबरोबर आला. जेमतेम दोन आटे शिल्लक होते.

याच चाकावर तिला सगळा भार टाकायला मी सांगत होतो. छातीठोक. शंभर टक्के. मी तिथेच धावपट्टीवर बसकण मारली.

ती खाली उतरली. चेहरा पांढराफटक, तरी हसायचा प्रयत्न करत होती. "काका, आज किती?" तिने विचारलं. मेस्त्रींनी आपला डावा, स्वच्छ हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

ऑफिसमध्ये कॅप्टन माझ्यावर तुटून पडले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. "उद्यापासून हा नको," ते म्हणाले. मी मान खाली घालून उभा होतो. घरी काय सांगायचं हासुद्धा विचार मनात येत नव्हता. मेस्त्री नोंदवहीत लिहीत होते. काय घडलं ते सगळं लिहिलं त्यांनी, माझं फडक्याचं, माझं पिनीचं, आणि पिनी मारल्या का ते न बघता आपण जेवायला बसलो हेही. मग वही मिटून म्हणाले, "साहेब, ह्येका काढल्यार दुसरो येतलो. तो हुशार आसतलो, हात चपळ आसतलो. तेका भीती खंयसून आणतलात?"

कॅप्टन उठून बाहेर गेले.

मेस्त्री हँगरच्या मागच्या नळावर हात धुवायला गेले. कालवण हातावर वाळून गेलं होतं, घासून घासून निघेना. मी मागे उभा राहिलो. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मेस्त्री, मला खरंच आठवत होतं हो. मानेवर ऊन, उजव्या हाताला ग्रीसचा डबा... मी खोटं नव्हतो बोलत."

"आठवता तां खोटां नसता," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "वर्षभर उजव्या चाकाक पिनी मारलंस. त्यातली एक तुका आठवली. आजची नाय, खंयचीतरी." त्यांनी नळ बंद केला आणि सदऱ्याच्या टोकाला हात पुसले, कारण फडकं बादलीत होतं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते थरथरत होते, काही केल्या थांबत नव्हते.

"आज किती?" त्यांनी विचारलं.

"सोळा आणे," मी म्हटलं.

"मगे उद्या ये," मेस्त्री म्हणाले, आणि अर्धा राहिलेला डबा पुढ्यात ओढून पुन्हा जेवायला बसले.